बागवानांच्या घरातली बुरशी

माझं आडनाव बागवान आहे, एवढ्या एका गोष्टीवरून लोक माझ्याबद्दल काय काय समजून बसतात! कऱ्हाडजवळच्या मलकापुरातल्या या कॉलनीत आम्ही राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात समोरच्या विजयमालावहिनी गुलाबाचं एक कलम घेऊन दारात उभ्या राहिल्या. "भाऊजी, जरा बघा की ह्येला काय झालंय." मी बघितलं. कलम मेलेलं होतं. मी तसं सांगितलं. "बागवानाची नजर ती बागवानाचीच!" असं म्हणून त्या कौतुकानं परत गेल्या.

वास्तविक माझं कऱ्हाडात चष्म्यांचं दुकान आहे. वडिलांचंही चष्म्यांचंच होतं. आजोबा आंबे विकायचे, हे खरं. पण आंबे विकणं आणि आंब्याचं झाड जगवणं यात तेवढंच अंतर आहे, जेवढं चष्मा विकण्यात आणि डोळा तयार करण्यात. हे मी कॉलनीत पुष्कळ जणांना समजावून सांगितलं. त्यावर लोक "बागवान फार नम्र माणूस आहे" असं म्हणायला लागले.

पुढचं सगळं घडलं ते मेंदीच्या एका रोपामुळं. सलिमाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, माहेर म्हसवडचं. तिथं मागच्या अंगणात तिच्या आईनं लावलेलं मेंदीचं झुडूप होतं. त्या घरातली प्रत्येक नवरी त्याच झुडपाची मेंदी लावून सासरी गेली. सलिमाही. आमच्या लग्नात मी तिचा चेहरा नीट बघायच्या आधी तिचे हात बघितले होते, आणि ते एवढे लालबुंद होते की मला वाटलं, हिला कुठं भाजलंय की काय. सासूबाई गेल्यानंतर पुढच्याच उन्हाळ्यात विहीर आटली, बोअर मारायची ठरली, आणि बोअरची गाडी आत यायला वाट नव्हती. झुडूप गेलं. सलिमाच्या थोरल्या भावानं, चांदसाहेबनं, त्याच्या बुंध्याजवळ फुटलेलं एक रोप मुळासकट उचललं, तेलाच्या डब्यात घातलं आणि एसटीनं आमच्याकडं आणून दिलं. "एवढंच राहिलंय," म्हणाला. चहा न घेता गेला.

त्यानंतर आमच्या अरिबाचं लग्न ठरलं. मुलगा वाईचा, अजहर नाव, शाळेत गणित शिकवतो. तारीख दिवाळीनंतरची. तारीख ठरली त्याच संध्याकाळी सलिमानं जाहीर केलं, "अरिबाच्या हाताला बाजारच्या कोनातली मेंदी लागणार नाही. आईच्या झाडाची लागेल." अरिबाच्या मनात पुण्याहून कुणी मेंदीवाली बोलवायचं होतं. पण आईच्या चेहऱ्याकडं बघून ती म्हणाली, "चालेल अम्मी." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "अब्बा, त्या झाडाला पानं किती आहेत ते बघितलंय का?"

बघितलं होतं. मोजण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते रोप आमच्या घरापुढच्या वीतभर जागेत नव्या शाळेत घातलेल्या पोरासारखं अंग चोरून उभं होतं. मरतही नव्हतं, वाढतही नव्हतं. त्याचा तरी काय दोष? बिल्डरनं ती जागा भरताना माती सोडून बाकी सगळं घातलं होतं. मी एकदा खुरपं चालवलं तर फरशीचे तुकडे, सिमेंटचं पोतं आणि डाव्या पायाची एक चप्पल निघाली. मी सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी घालत होतो. माझ्या नावाला शोभेल असं तेवढंच मला करता येत होतं.

अशातच दुकानात क्रांतीताई आल्या. या सांगलीच्या, माहेर कऱ्हाडचं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या, आणि सांगलीत त्यांचा शेतीसाठी जिवाणू-बुरशा तयार करायचा लहानसा कारखाना आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघून डोकं दुखतं म्हणून नंबर काढायला आल्या होत्या. मी भिंगं बदलत होतो, त्या अक्षरं वाचत होत्या, आणि बोलता बोलता मेंदीचा विषय निघाला.

"मुळांना बुरशी लावून बघा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, नंबर चुकला. मी भिंग बदललं.

"खरंच सांगते. मायकोरायझा म्हणतात. ही बुरशी मुळाच्या आत शिरते आणि बाहेर मातीत केसापेक्षा बारीक धागे सोडते. जिथं मूळ पोचत नाही तिथनं पाणी आणि स्फुरद ओढून झाडाला देते. झाड तिला त्या बदल्यात साखर देतं. दोघांचं बरं चाललेलं असतं. तुमच्या त्या भरावाच्या मातीत ती नसणारच."

मला हा व्यवहार एकदम आवडला. घरबसल्या धाग्याधाग्यानं पाणी आणून देणारी बुरशी! मी तिथंच पुडी मागवली. ताई म्हणाल्या, "पण डीएपीसारखं खत घालायचं नाही, ते मिळालं की झाड बुरशीला विचारत नाही. आणि बुरशीनाशक तर चुकूनसुद्धा नाही." मी मान हलवली. मनातल्या मनात म्हणालो, बुरशी आणून तिच्यावर बुरशीनाशक टाकायला मी काय वेडा आहे?

पार्सल सांगलीहून एका खासगी ट्रॅव्हल्सच्या गाडीनं आलं. पार्सल ऑफिसातल्या माणसानं पावती पुढं केली आणि विचारलं, "आत काय हाय?"

खोटं बोलायची मला सवय नाही, तीच नडली. म्हणालो, "बुरशी."

त्यानं पेन मागं घेतलं. "म्हंजे माल खराब झालाय?"

"खराब नाही. बुरशी आहे."

"बुरशी लागली म्हंजे खराबच की ओ! सांगलीत माल चढला तवा चांगला हुता. आता तुमी भरपाई मागणार. आमी न्हाई ह्यात."

"मला भरपाई नको. मी बुरशीच मागवलीय."

त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. विक्षिप्त ग्राहक त्याला आधी भेटले असावेत, पण बुरशीवाला पहिलाच. पाठीमागं रांग लागली. एक बाई नाकाला पदर लावून बाजूला झाली. शेवटी त्यानं माझ्याकडून पावतीवर लिहून घेतलं: 'मालास बुरशी लागलेली नसून माल हाच बुरशी आहे. माझी काही तक्रार नाही.' खाली सही. माझ्या आयुष्यात मी फार कमी ठिकाणी सही केली आहे. त्यातली ही एक.

घरी सलिमा दारातच उभी. आमच्यात घरी दखनी चालते. "ये क्या लाये जी?"

सांगितलं. तिनं पुडीचा वास घेऊन बघितला. मग म्हणाली, "अख्खा पावसाळा मी या घरातली बुरशी पुसते. लोणच्यावरची पुसते, चपलांवरची पुसते, तुमच्या त्या लग्नातल्या कोटावरची पुसते. आणि तुम्ही ती विकत आणता?"

पण रोप आईचं होतं. म्हणून तिनं पुडी घरात येऊ दिली. स्वयंपाकघरात नाही, पलंगाखाली.

लावायची वेळ आली तेव्हा समोरचे सुभेदार आले. विजयमालावहिनींचे यजमान. नाव गुंडा. फौजेतून निवृत्त झालेला, गावाकडं उसाची जमीन असलेला, अत्यंत सज्जन माणूस. पण नावामुळं कॉलनीत नवीन माणसाशी ओळख करून देताना दरवेळी थोडा खुलासा करावा लागतो. खड्डा काढायचा आहे एवढं त्यांना कळलं आणि ते बनियनवर बाहेर आले.

"तुमी सरका गड्या. हे तुमचं काम न्हाई."

क्रांतीताईंनी मुळं उघडी करून पूड लावायला आणि वीतभर खड्ड्यात रोप बसवायला सांगितलं होतं. सुभेदारांनी लढाईतला खंदक खणला. तो कमरेएवढा झाला तेव्हा सलिमा घाबरून म्हणाली, "भाऊ, पुरे. आत उतरायला शिडी लागेल." मग तो भरायचा प्रश्न आला. सुभेदारांनी गावाकडनं शेणखताची पोती आणली. मी मुळांना पूड लावत होतो, तेव्हा ते शेजारी उकिडवे बसून म्हणाले, "मूठभर डीएपी टाकतो. लय जोर धरंल."

"नको. बुरशीला चालत नाही."

"बुरशीला चालत न्हाई?" त्यांनी 'बुरशी' शब्द असा उच्चारला, जसा आपण घरजावयाचा उच्चार करतो. "आवं, उसाला घालतो आमी!"

ते जरा नाराज झाले. पण गेले नाहीत. रोप सरळ उभं आहे का ते एक डोळा मिटून बघितलं, आणि मगच आत गेले.

आठवडाभरानं, रात्रीची एक सर पडून गेल्यावर, सकाळी बघतो तर रोपाभोवती पांढऱ्या छत्र्याच छत्र्या! मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. मी दुकानातलं मोठं भिंग आणून त्या बघितल्या. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, 'आपली बुरशी लागू झाली.' चांदसाहेबचं उत्तर आलं, 'माशाल्ला.' वाईच्या विहीणबाईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्यांना काय वाटलं असेल ते विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही. क्रांतीताईंनाही फोटो गेला. त्यांचा फोन आला.

"दादा, त्या शेणखतातल्या कुत्र्याच्या छत्र्या आहेत. आपली बुरशी दिसत नाही."

"अजिबात?"

"मूळ कापायचं, उकळायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. मग दिसते."

मी हे सलिमाला सांगितलं. 'कापायचं' आणि 'उकळायचं' हे शब्द ऐकल्यावर तिनं माझ्या हातातलं भिंग काढून घेतलं.

आता माझी सगळी मिळकत म्हणजे एक न दिसणारी वस्तू आणि तिच्या नावाखाली सगळ्या कॉलनीला दिसणाऱ्या छत्र्या. सोसायटीचे चेअरमन जयराज सर रोज सकाळी कॉलनीला फेऱ्या मारतात. त्यांनी छत्र्या बघितल्या, आणि का कोण जाणे, माझ्याऐवजी आमच्या दूधवाल्याला विचारलं. दूधवाल्यानं 'मायको का काय तरी' असं सांगितलं. दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: 'आपल्या वसाहतीत एका सन्माननीय सभासदाकडून म्युकर प्रकारची बुरशी वाढवली जात असल्याचे समजते. संबंधितांनी खुलासा करावा. लहान मुलांना त्या बाजूला पाठवू नये.'

त्या बाजूला म्हणजे आमच्या बाजूला. सन्माननीय सभासद म्हणजे मी.

इतर कशावर मी हसलो असतो. पण कोरोनाच्या साथीत ही म्युकर, म्हणजे काळी बुरशी, होऊन डोळा गेलेली माणसं माझ्या दुकानात येऊन काळे चष्मे घेऊन गेली होती. त्यातली काही आरशात बघायला तयार नव्हती, मीच चष्मा नीट बसवून द्यायचो. त्यामुळं लोक घाबरले याचा मला राग आला नाही. मी घरोघरी जाऊन समजावलं. ही वेगळी, ती वेगळी. हिला मूळ लागतं, माणूस नाही. लोक दारातूनच "हो हो" म्हणत होते आणि दार लावून घेत होते. एका घरी आतून कुणी तरी विचारलं, "कोण आहे?" आणि उत्तर आलं, "ते बुरशीवाले." त्यापेक्षा नुसता बागवान होतो तेच बरं होतं.

योगायोगानं त्याच आठवड्यात डेंग्यूच्या अळ्या तपासायला आरोग्य निरीक्षक आले. जयराज सरांनी त्यांना थेट आमच्याकडं आणलं. पाठीमागं कमिटी. निरीक्षक तरुण आणि शांत माणूस होता. त्यानं रोप बघितलं, छत्र्या बघितल्या, माझं सगळं ऐकून घेतलं.

"सर, झाडाच्या बुरशीचं आमच्याकडं काही नसतं," तो जयराज सरांना म्हणाला.

मी छाती पुढं काढली. जयराज सर जरा मागं सरकले.

"पण हे आहे," असं म्हणून त्यानं तुळशीच्या कुंडीएवढ्या माझ्या एका मोठ्या कुंडीखालची ताटली उचलली. त्यात पाणी होतं. पाण्यात अळ्या होत्या, आणि त्या फार आनंदात होत्या. सगळ्या कमिटीनं वाकून बघितलं. निरीक्षकानं ताटली ओतली, मला समज दिली आणि नम्रपणे "पुन्हा येईन" असं सांगून गेला. अशा रीतीनं बुरशीच्या आरोपातून मी निर्दोष सुटलो आणि डासांच्या आरोपात सापडलो.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आलो. फाटक उघडलं आणि पाय जागेवरच थांबले. मेंदीच्या बुंध्याभोवतीची माती निळी-हिरवी झाली होती. शेजारी सुभेदार उभे. पाठीवर उसावर मारायचा फवारणीचा पंप, नाकाला रुमाल.

"मिटलं बागवान," ते म्हणाले. "मुळापत्तूर भिजवलंय. एक बी शिल्लक ऱ्हायली न्हाई. आता कुणी तुमास्नी बोलणार न्हाई."

"काय मारलंत?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"बुरशीनाशक. द्राक्षावर मारत्यात ते. सांगलीकडनं मागवलं."

दोन्ही गोष्टी सांगलीहूनच आल्या होत्या. बुरशीही आणि तिचं मरणही. एरवी मला यात गंमत वाटली असती. तेवढ्यात सलिमा बाहेर आली. तिनं माती बघितली, पंप बघितला. रोपाजवळ गेली आणि त्याच्या खालच्या पानावर पडलेला निळा थेंब पदरानं पुसायला लागली. मग माझा तोल सुटला.

"सुभेदार, हे झाड तिच्या आईचं आहे. दुसरं राहिलेलं नाही. आणि तुम्ही..."

पुढचं वाक्य मी पूर्ण केलं नाही, पण केल्यासारखंच झालं. सुभेदारांनी रुमाल खाली ओढला. हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. खड्डा खणायला आलेल्या माणसाला कोण सांगतो? ते पंप घेऊन निघून गेले.

संध्याकाळी विजयमालावहिनी आल्या. त्या रडलेल्या दिसत होत्या. "भाऊजी, चूक माजी हाय. माज्या भावाचा डोळा त्या काळ्या बुरशीनं गेला. ग्रुपवर वाचल्यापासनं मला झोप न्हवती. ह्यांना म्हणाले, तक्रार करू नगा, शेजारी हाईत, पर कायतरी करा. म्हणून त्येंनी केलं." सलिमानं त्यांना आत बसवलं. दोघी पुष्कळ वेळ बोलत होत्या. मी बाहेर त्या निळ्या मातीकडं बघत बसलो. चूक कुणाची शोधायची म्हटलं तर दूधवाल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

क्रांतीताईंना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रोप मरणार नाही, म्हणाल्या, पण भोवतीची वरची माती काढून टाका. मग विचारलं, "मूळ झाड जिथं होतं, त्या जागेवर आता काही उगवलंय का?"

"शेजारी बोर आहे."

"बोअर?"

"बोअरही आहे. पण मी बोरीचं झाड म्हणतोय. आणि गवत."

"मग बुरशीही असेल. तिला जिवंत मूळ लागतं, बोरीचं काय आणि मेंदीचं काय. तिथली माती बारीक मुळांसकट आणा आणि याच्या मुळाशी घाला. माझी पुडी परत टाकण्यापेक्षा ती बरी. त्या झाडाची तिच्याशी जुनी ओळख आहे." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि दादा, तुम्ही पाणी फार घालता. म्हसवडचं, दुष्काळी भागातलं झाड आहे ते."

हे मला कुणी तरी आधी सांगायला हवं होतं. नंतर कळलं की सलिमा रोज सांगत होती.

रविवारी सकाळी मी रिकामी पोती घेऊन एसटी स्टँडकडं निघालो, तर फाटकासमोर सुभेदारांची जीप उभी. ते समोर बघत बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बसा."

"कुठं?"

"म्हसवडला. वहिनींनी सांगितलंय आमच्या हिला."

मी बसलो. वाटेत आम्ही पाऊसपाणी, ऊस, अजहरची नोकरी अशा सगळ्या विषयांवर बोललो, एक विषय सोडून. म्हसवडला चांदसाहेब कुदळ घेऊन तयारच होता. या वेळी खणण्याचं काम सुभेदारांनी गुडघे टेकून हातानं केलं. बोरीची बारीक मुळं तुटू नयेत म्हणून ते ढेकळं अशी उचलत होते, जसं काही खाली सुरुंग आहे. चांदसाहेबनं मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "शेजारी." पुढचं सांगावंसं वाटलं नाही.

परत येताना रस्त्यात वाळूचोरी पकडणाऱ्या पथकानं जीप अडवली. मागं पोती. साहेबांनी पोत्यात हात घातला.

"काय आहे?"

"माती," मी म्हणालो.

"मातीसुद्धा गौण खनिजात येते. परवाना?"

मेंदीला लागणाऱ्या मातीसाठी परवाना काढावा लागतो हे मला माहीत नव्हतं. मी सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली आणि 'बुरशी' शब्दाशी आलो तेव्हा साहेबांनी हात झटकन पोत्यातून बाहेर काढून पँटला पुसला. आता हे गाडी जप्त करणार, असं मला वाटलं. तेवढ्यात सुभेदार खाली उतरले आणि ताठ उभे राहिले.

"साहेब, माती ह्यांची हाय, गुन्हा माजा हाय. ह्येंच्या मालकिणीच्या आईचं झाड मी औषध मारून घालवत हुतो. पोरीचं लगीन हाय. ही माती न्हेऊन घातली तर जगंल म्हणत्यात. काय दंड असंल त्यो माज्या नावावर टाका, पर पोती जाऊ द्या."

जीपमध्ये दिवसभर जे बोलायचं राहिलं होतं ते त्यांनी असं भर रस्त्यात, सरकारी माणसाला सांगितलं. साहेबांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग पोत्याचं तोंड स्वतःच बांधलं. "मेंदी कुंडीत जगते का हो?" त्यांनी जाताना विचारलं. मी पहिल्यांदाच बागवान या नात्यानं उत्तर दिलं, "जगते. पाणी कमी घाला."

पुढं जादू वगैरे झाली नाही. श्रावण गेला, गौरी-गणपती गेले, रोप तसंच. मग नवरात्राच्या सुमाराला त्याला एक कोंभ फुटला, त्याच्यामागून दुसरा. पाणी मी सलिमाच्या परवानगीशिवाय घालायचं नाही असं ठरलं होतं. सुभेदार रोज फाटकातून एक नजर टाकून जायचे. आत यायचे नाहीत. ते रोप वाढलं ते म्हसवडच्या मातीनं, का कमी पाण्यानं, का सगळ्यांनी त्याचा पिच्छा सोडला म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. क्रांतीताईंनाही विचारलं. "मूळ कापून बघावं लागेल," त्या म्हणाल्या. मी विषय बदलला.

लग्नाच्या आधी सलिमानं पानं खुडली. फार नव्हती. मांडवाखाली भर दुपारी तिनं ती पाट्यावर वाटली, आणि हिरव्या गोळ्याकडं बघून सगळ्यांच्या लक्षात आलं की यात नक्षी होणार नाही. अरिबानंच हात पुढं केले. "अम्मी, नानी लावायची तशी लाव." तळहातावर एक गोल, बोटांच्या टोकांना टोप्या. एवढंच.

वाटीत लिंबाएवढी मेंदी उरली. बायका हात पुढं करायला लागल्या. सलिमानं वाटी उचलली, बायकांच्या घोळक्यातून बाहेर आली आणि खुर्च्या मांडत असलेल्या सुभेदारांसमोर उभी राहिली.

"भाऊ, हात."

"आमी? गडीमाणसाला कशाला मेंदी, वहिनी?"

"या झाडाची माती तुम्ही हातानं काढलीत. हात पुढं करा."

सुभेदारांनी हात पुढं केला. तिनं गोळा तळव्यावर ठेवला आणि त्यांची मूठ मिटली. त्यानंतर तो माणूस दुसऱ्या सकाळपर्यंत मूठ मिटून राहिला. चहा डाव्या हातानं प्याला. जयराज सर हात मिळवायला आले तर त्यांना नुसतीच मान हलवली. फोन वाजत होता तो विजयमालावहिनींनी खिशातून काढून कानाला लावून दिला.

सकाळी मूठ उघडली तेव्हा मांडवातल्या सगळ्या बायका बघायला गोळा झाल्या. अरिबाचे हात छान रंगले होते. पण सुभेदारांचा तळवा! जन्मभर बंदूक आणि कुदळ धरलेल्या त्या राठ कातडीवर असा गडद लाल रंग चढला होता की मी चष्मा काढून, पुसून पुन्हा बघितला.

"बाई गं!" कुणी तरी म्हणालं. "मेंदी एवढी रंगली म्हंजे सासूची लय माया."

विजयमालावहिनींनी तोंडाला पदर लावला. "ह्यांची सासू? माजी आई जाऊन किती वरसं झाली! आणि होती तवा ती ह्यांना कवा गोड बोलल्याचं मला तरी आठवत न्हाई!"

सगळा मांडव हसायला लागला. सुभेदार हसले नाहीत. ते आपला तळवा उन्हात धरून बघत होते.

"आमच्या सासूची न्हवं ही," ते म्हणाले. "बागवानाच्या सासूची हाय."

मी सलिमाकडं बघितलं. ती पाटा धुवायला म्हणून आत निघून गेली होती.